थडीवरचे दिवे, पाण्यावरच्या खुणा

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना प्रवरासंगमचा पूल लागतो. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. अलीकडे टोके, पलीकडे कायगाव; जुनी माणसे दोन्ही गावे मिळून ‘कायगाव टोके’ असेच म्हणतात. एसटी पुलावर आली की अजूनही कुणी ना कुणी खिडकीतून नाणे टाकतो, हात जोडतो. आपण गंगेवरून चाललो आहोत हे त्या माणसाला पक्के ठाऊक असते. आपण राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ वरून चाललो आहोत, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

ही थट्टा नाही. २०१६ साली संसदेने राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला आणि देशातले एकूण १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले. त्यात आधीपासून असलेला चौथा जलमार्ग वाढवला. पूर्वी गोदावरीचा राजमहेंद्री ते भद्राचलम एवढाच पट्टा त्यात होता. नव्या कायद्याने तो भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत आणला. म्हणजे कोपरगाव, पुणतांबे, प्रवरासंगम आणि पुढचा नाथसागर हे सगळे त्या जलमार्गाच्या रेषेवर आले.

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो अगदी साधा होता. रस्ता म्हटला की मैलाचे दगड आले, वळणाच्या पाट्या आल्या, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या आल्या. मग हा जर मार्ग असेल तर त्याच्या खुणा कुठे आहेत? त्या प्रश्नामागे गेली काही वर्षे मी फिरतो आहे. ग्रंथालयात बसलो, धरणांच्या काठांनी हिंडलो, नावाड्यांशी बोललो. हाती आले ते इथे मांडतो.

खुणांची भाषा

जलमार्गाच्या खुणा दोन प्रकारच्या असतात. रात्रीसाठी दिवा आणि दिवसासाठी फळी. ही फळी खांबावर किंवा काठावर उभी करतात. तिचा रंग आणि आकार दुरून ओळखता आला पाहिजे, एवढेच तिचे काम. तिच्यावर लांबलचक मजकूर नसतो, कारण वाहत्या पाण्यात वाचत बसायला वेळ नसतो. जिथे खांब रोवता येत नाही, तिथे साखळीने तळाशी बांधलेला तरंगता पिंप सोडतात. त्याला बोया म्हणतात.

रंगांचा नियम जगभर एकच असावा म्हणून १९८० साली टोकियोत परिषद झाली. एकच नियम काही झाला नाही, दोन झाले. भारत, युरोप आणि आफ्रिका ‘अ’ विभागात, तर दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स ‘ब’ विभागात. ‘अ’ विभागात समुद्राकडून आत, नदीतून वर येताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा. ‘ब’ विभागात याच्या उलट. आकार मात्र दोन्हीकडे सारखेच राहिले. डावीकडची खूण चपट्या माथ्याची, तिची फळी चौकोनी. उजवीकडची खूण टोकदार, तिची फळी त्रिकोणी. म्हणून आपल्या विभागात चौकोन लाल असतो आणि अमेरिकेत तो हिरवा असतो. अंधुक उजेडात रंग ओळखू आला नाही तरी आकार ओळखू येतो. दोन विभागांच्या भांडणात आकार वाचले, हे नावाड्यांचे नशीब.

होडीचे स्वतःचे दिवे वेगळे. १८४८ साली ब्रिटिश नौदल खात्याने आगबोटींसाठी नियम केला : डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पांढरा. आज जगभरच्या यांत्रिक नौका हाच नियम पाळतात. मागच्या टोकालाही एक पांढरा दिवा असतो. त्यामागचा हिशेब सोपा आहे. रात्री समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर नौका तुमच्याच अंगावर येत आहे. नुसता लाल दिसला तर तिची डावी बाजू तुमच्याकडे आहे आणि ती तुमच्या डावीकडे चालली आहे. नुसता पांढरा दिसला तर बहुधा ती तुमच्यापुढे, त्याच दिशेने जात आहे. काळोखात होडी दिसत नाही. दिव्यांवरून तिची दिशा मात्र कळते.

थडी आणि तट

आपल्याकडे नदीच्या काठाला थडी म्हणतात. गोदेकाठचा मुलूख तो गंगथडी, भीमेकाठचा तो भीमथडी. ऐलथडी आणि पैलथडी हे शब्दही आपलेच. पण ते बोलणाऱ्याच्या पायाखालून ठरतात. टोक्याला उभ्या माणसाची पैलथडी म्हणजे कायगावकराची ऐलथडी. प्रार्थनेला आणि कवितेला हे चालते. दिवा लावायला चालत नाही. लाल दिवा कोणत्या थडीवर लावायचा, याचे उत्तर माणूस कुठे उभा आहे यावर बदलून कसे चालेल?

म्हणून जलशास्त्रात एक ठरलेले आहे. प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून उभे राहायचे. उजव्या हाताचा तो उजवा तट, डाव्या हाताचा तो डावा. ही व्याख्या परकी वाटेल, पण नगर जिल्ह्यातला कोणताही बागाईतदार ती जन्मापासून वापरतो. गोदावरीचा उजवा कालवा, डावा कालवा. मुळेचा उजवा, डावा. प्रवरेचा उजवा, डावा. पाण्याच्या पाळीवरून भांडताना कुणीही कधी ‘उजवा म्हणजे नक्की कुणाचा उजवा’ असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही. आवर्तनाने आपल्याला ही भाषा शिकवली. नौकेने मात्र शिकवली नाही.

आता हाच नियम प्रवरासंगमला लावून पाहू. गोदावरी इथे पूर्वेकडे वाहते. नेवासे तालुका उजव्या तटावर, गंगापूर तालुका डाव्या तटावर. समुद्राकडून वर येणाऱ्या नौकेचे तोंड पश्चिमेला असणार, म्हणजे नेवाशाची बाजू तिच्या डाव्या हाताला येणार. तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमाने नेवाशाच्या थडीवर लाल चौकोनी फळी आणि लाल दिवा, गंगापूरच्या थडीवर हिरवी त्रिकोणी फळी आणि हिरवा दिवा असायला हवा. दोन्ही थड्यांवर मी हिंडलो. देवळांचे घाट आहेत, घाटांवर दगडी पायऱ्या आहेत. अशा फळ्या दिसल्या नाहीत.

तर आणि तरीचा ठेका

असे का, याचे उत्तर जुन्या वाहतुकीत आहे. आपल्या नद्यांतून लोक नदीच्या लांबीने प्रवास करत नसत. नदी आडवी ओलांडत. उन्हाळ्यात उतार शोधून पायी, पावसाळ्यात नावेने. नाव नसेल तिथे सुक्या भोपळ्यांची सांगड. या आडव्या जाण्यायेण्याला मराठीत तर म्हणतात. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींचा आणि अंतर्देशीय नौकांचा स्वतंत्र कायदा झाला. सार्वजनिक तरी जाहीर करणे, उतारूंचे आणि जनावरांचे दर ठरवणे, वसुलीचा ठेका देणे, हे त्याचे विषय. ठेकेदाराने दराची पाटी घाटावर लावायची. म्हणजे नदीकाठी सरकारी पाटी आली ती पैशाची, पाण्याची नव्हे.

त्याला कारणही होते. तरीच्या नावाड्याला फळीची गरज नव्हती. मी लहानपणी आईबरोबर सिद्धटेकला गेलो तेव्हा भीमेवर पूल नव्हता. दौंडकडून येणारे यात्रेकरू शिरापूरच्या काठावर नावेत बसत आणि पलीकडे कर्जत तालुक्यात, सिद्धिविनायकाच्या काठाला उतरत. नदीला पाणी बरेच होते. नावाड्याने नाव देवळाकडे न नेता बरीच वर, भलतीकडेच नेली, म्हणून मी घाबरलो. आईने विचारले तेव्हा तो म्हणाला, “माय, देवाकडं सरळ गेलं तर देव हुकतो. वर धरायचं, पाणीच नेतं.” धार नाव खाली ढकलत होती आणि आम्ही बरोबर उतरायच्या जागी लागलो. तो सारखा दोन गोष्टींकडे बघत होता : देवळाचा कळस आणि त्यामागचे एक उंच झाड. दोन्ही एका रेषेत आली की तो वल्ह्याचा जोर बदलत होता.

पुढे कित्येक वर्षांनी बंदरांच्या खुणांविषयी वाचताना मला कळले, की हे रीतसर शास्त्र आहे. एक खूण पुढे खाली, दुसरी मागे उंच. दोन्ही एकावर एक दिसल्या की नौका सुरक्षित रेषेवर आहे. डावीउजवीकडे सरकली की खुणा फाकतात. कोकणातले कोळीही डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस जुळवून माशांची जागा आणि खडकाची जागा लक्षात ठेवतात. खुणा आपल्याकडे होत्याच. त्या फळीवर रंगवलेल्या नव्हत्या, नावाड्याच्या डोळ्यांत होत्या. आणि तो गेला की त्याच्याबरोबर जात.

इथे दीपमाळेचा उल्लेख करायला हवा, कारण व्याख्यानांत मला हमखास विचारतात, “नदीकाठच्या दीपमाळा म्हणजे आपले दीपस्तंभच ना?” मला ते पटत नाही. दीपमाळ पेटते त्रिपुरी पौर्णिमेला किंवा देवाच्या उत्सवाला. त्रिपुरीला तर आकाशात पूर्ण चंद्र असतो. वाट दाखवायला त्या रात्री दिव्याची गरज सर्वांत कमी. नौकेचा दिवा अमावास्येला पेटावा लागतो, वादळात पेटावा लागतो आणि रोज त्याच जागी, त्याच रंगात पेटावा लागतो. दीपमाळेचा दिवा देवासाठी आहे आणि त्यात उणेपणा काही नाही. पण श्रद्धेच्या दिव्याला वाटेचा दिवा म्हटले, की वाटेचा दिवा लावायचा राहून जातो.

पाण्याची उंची सांगणारी एक अस्सल देशी खूण मात्र आपल्याकडे आहे. नाशिकला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाला लागले, गुडघ्याला आले, कमरेला आले, यावरून सारे शहर पुराचा अंदाज घेते. कुणाला मीटर शिकवावा लागत नाही. खूण कशी असावी याचा हा धडाच आहे.

दोन नद्या, दोन वाटा

गोदावरी लांबीने वापरायचा मोठा प्रयत्न एकदा झाला होता. धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांच्या डोक्यातून तो निघाला. समुद्रापासून गोदावरी, पुढे प्राणहिता आणि वर्धा अशा मार्गाने वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी ती योजना. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मागुडेमला बंधारा, कालवा आणि नौका चढवण्या-उतरवण्याची लॉक नावाची दारे बांधली गेली. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले सिरोंचा याच मार्गावरचे ठाणे. पण १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. १८७१ साली योजना सोडून देण्यात आली. नगर जिल्ह्यातही तेच घडले. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. भीमा आणि गोदावरी त्याने पुलांवरून ओलांडल्या. नदी अडथळा उरली, मार्ग झाली नाही.

नेमक्या त्याच दशकात अमेरिकेत उलटे घडत होते. मिसिसिपी नदीवर तोवर सगळे ज्ञान सुकाणूवाल्याच्या डोक्यात असे. मार्क ट्वेन १८५७ पासून ते शिकला आणि १८५९ साली त्याला परवाना मिळाला. वळण, झाड, वाळूची पुळण सारे पाठ करावे लागे. १८७४ साली तिथल्या काँग्रेसने दीपगृह खात्याचा कारभार मिसिसिपी, ओहायो आणि मिसूरी या नद्यांपर्यंत वाढवला. काठावर साधे खांब रोवून त्यांवर कंदील टांगले. ते सांभाळायला दीपगृहे बांधली नाहीत. जवळच राहणारे शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायका थोड्या मोबदल्यात तेल घालत, काच पुसत, वात लावत. १८८२ साली ट्वेन पुन्हा नदीवर आला तेव्हा काळोखी नदी दिव्यांची झाली होती.

मला या हकिकतीत रस आहे तो कंदिलांमुळे. मोठे बांधकाम नाही, मोठा खर्च नाही. काठावरच्या माणसाला जबाबदारी आणि थोडी मजुरी. आपल्याकडेही गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पात्रात बांबू रोवून खोल पाण्याची वाट दाखवण्याची जुनी पद्धत आहे. गोव्यात मांडवी आणि झुआरीतून खनिजाच्या बार्जेस चालल्या, त्यासाठी नदीच्या मुखांशी खुणा लागल्याच. जिथे नदीची लांबी वापरात येते, तिथे खुणा येतात.

धरणाने बदललेले पाणी

मग आपल्याला आज त्यांची गरज काय, असे वाचक विचारील. आपल्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांना नौकेसाठी दारे नाहीत. जायकवाडीच्या भिंतीलाही नाही. नाशिकहून राजमहेंद्रीला कुणी नावेने जाणार नाही. हे मान्य. पण गेल्या शंभर वर्षांत जिल्ह्यातले पाणीच बदलले. १९२६ साली भंडारदरा पुरे झाले. मग मुळा, जायकवाडी, उजनी. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले आणि नेवासे-शेवगावच्या गंगथडीवर नाथसागर पसरला. पूर्वीची नदी काही शे फूट रुंद. आताचा जलाशय काही ठिकाणी कित्येक किलोमीटर. पैलथडी दिसेनाशी झाली. नावाड्याचा कळस आणि झाड, दोन्ही पाण्याखाली गेले.

आणि पाण्याखाली गाव राहिले. देवळांचे चौथरे, विहिरींचे कठडे, वाड्यांच्या भिंती, न तोडलेली बाभळीची खोडे. नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा पातळी १५२२ फुटांवर असते. तेव्हा होडी या सगळ्यावरून अलगद जाते. फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागते आणि तेच अवशेष हातभर पाण्याखाली येतात. त्याहून खाली गेले की जमीन उघडी पडते आणि लोक गाळपेर करतात. जिथे ऑगस्टमध्ये जाळे टाकले तिथे एप्रिलमध्ये कलिंगडाचे वेल असतात. म्हणून इथे एकच खांब रोवून भागत नाही. पावसाळ्यातला काठ आणि उन्हाळ्यातला काठ यांत मैलाचे अंतर पडते. खुणा हव्यात त्या तरंगत्या, किंवा वेगवेगळ्या पातळ्यांसाठी वेगवेगळ्या.

सध्या हे काम आठवण करते. एका म्हाताऱ्या मच्छीमाराबरोबर मी थर्माकोलच्या चप्पूवरून गेलो होतो. तो मध्येच वळला. मी कारण विचारले. “खाली चावडी आहे,” तो म्हणाला. त्याचे गाव बुडाले तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा होता. गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात जसाच्या तसा होता आणि त्यावरून तो पाण्याची वाट काढत होता. त्याच्या मुलाने ते गाव पाहिलेले नाही. नातू फोनवरच्या नकाशात निळा रंग बघतो. त्या निळ्यात चावडी नाही.

आपल्या नद्यांवर पाट्या आहेत, पण त्या पाहा. पुलाच्या खांबावर रंगवलेली पातळी आणि धोक्याची रेषा. घाटावर ‘पाण्यात उतरू नये’. धरणावर ‘छायाचित्र काढण्यास मनाई’. या साऱ्या जमिनीवरच्या माणसाशी बोलतात. पाण्यावरच्या माणसाशी बोलणारी पाटी नाही, जणू पाण्यावर माणूसच नाही.

पण तो आहे. उजनीच्या फुगवट्यावर करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतली गावे रोज होडीने एकमेकांकडे जातात, कारण रस्त्याने तेच अंतर कित्येक पटींनी वाढते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. हा फुगवटा आपल्या कर्जत तालुक्यालाही लागून आहे. त्या संध्याकाळी लाल-हिरव्या फळ्या असत्या तर वारा थांबला नसता, हे मी जाणतो. खोटा दिलासा देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण खुणांची व्यवस्था म्हणजे नुसत्या फळ्या नव्हेत. जिथे घाटाला फळी असते तिथे त्या घाटाची नोंद असते. जिथे नोंद असते तिथे होडीत किती माणसे, किती जीवरक्षक जाकिटे, वाऱ्याचा इशारा असताना सुटायचे की नाही, हे विचारणारा कुणी असतो. फळी ही त्या जबाबदारीची दिसणारी बाजू.

कायदा नाही असे नाही. १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा अंतर्देशीय नौका कायदा आला. त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी आणि तपासणी तर आहेच, शिवाय वल्ह्याच्या साध्या होड्यांच्या नोंदीचे काम स्थानिक संस्थांकडे देण्याची तरतूद आहे. म्हणजे ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर सुरुवात गावातून होऊ शकते.

काय करता येईल, याची माझी यादी छोटी आहे. नाथसागर, मुळा आणि उजनीचा फुगवटा इथे आज ज्या घाटांवरून होड्या सुटतात त्या प्रत्येक घाटाला दोन्ही काठांवर एक फळी आणि एक सौर दिवा. बुडालेल्या गावांच्या जागी, पाणी उतरू लागले की सोडायचे चार-दोन तरंगते पिंप. आणि सर्वांत आधी, ज्यांनी ती गावे पाहिली आहेत त्यांच्याबरोबर पाण्यावर जाऊन, त्यांच्या बोटाच्या दिशेने, चावडी कुठे, विहीर कुठे, वेस कुठे हे नकाशावर उतरवून घेणे. हे शेवटचे काम थांबू शकत नाही, कारण ती माणसे आता सत्तरीच्या घरात आहेत.

मी ते सुरू केले आहे. शाळेची वही, एक जुना तालुक्याचा नकाशा आणि फोनवरचे स्थानदर्शक, एवढ्या सामग्रीवर आतापर्यंत एका गावाच्या अकरा जागा टिपल्या. अकरावी जागा त्या म्हाताऱ्याने स्वतःहून दाखवली. तिथे होडीला अडेल असे काही नाही, तो म्हणाला, फक्त त्याचे घर आहे. मी ती खूणही नकाशावर घेतली.